लाँचमधून उतरल्यावर

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला संयोजकांनी दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘नववीची सहल’. सकाळपासून बघते आहे, जो भेटतो तो त्या सहलीचंच बोलतो. रतनगडाच्या शिडीवर कोण रडलं, नेढ्यात बसून कुणी गाणं म्हटलं, परतताना राजूरच्या वळणांवर बसमध्ये कुणाला ओकारी झाली. (तो आता नामांकित डॉक्टर आहे, म्हणून नाव घेत नाही. पुढच्या रांगेत हसतोय तोच.) नेढ्याबद्दल, शिडीबद्दल मी काहीच बोलणार नाही. मला त्याच्या आधीच्या तास-दीड तासाबद्दल बोलायचं आहे. लाँचमधून उतरल्यावर आपण पाण्याच्या कडेकडेने रतनवाडीपर्यंत चालत गेलो, तेवढ्याबद्दल. ते फारसं कुणाला आठवत नाही. मलाही तीस वर्षं आठवत नव्हतं. का आठवलं, ते सांगणार आहे, आणि ते सांगायला मला जरा अवघड जाणार आहे.

हा मागे पडद्यावर फोटो आहे तो बघा. सरांच्या कॅमेऱ्यातला. डिसेंबर १९९३. आपण सगळे तळ्याच्या काठावर उभे आहोत, मागे पाणी, पलीकडे डोंगर. मुलींच्या दोन वेण्या, मुलांच्या अंगात शाळेचीच खाकी पँट, कारण सहलीला वेगळे कपडे आणायची ऐपत निम्म्यांची नव्हती. फोटोच्या अगदी उजव्या कडेला बघा. अर्धा हंडा दिसतो आणि एक कोपर. तो हंडा लक्षात ठेवा.

आधी जरा सहल आठवून देते, कारण काही जणांचे नवरे-बायका आज सोबत आले आहेत. आपली एसटी रात्री दोनला शाळेच्या फाटकातून निघाली. श्रीरामपूर सोडून संगमनेर, अकोले, राजूर करत उजाडताना शेंडीला पोचलो. थंडी अशी की बाईंनी स्वतःची शाल तीन मुलींना मिळून दिली होती. शेंडीत चहा झाला, मग धरणाची भिंत बघितली. विल्सन डॅम. सरांनी तिथेच उभं करून माहिती दिली. १९१० मध्ये काम सुरू झालं, १९२६ मध्ये पुरं झालं, उंची सत्तावीस मजल्यांएवढी. मजले आपण पाहिले होते जास्तीत जास्त तीन, तेही संगमनेरला. भिंतीच्या मागच्या अंगाला टेकू दिसतात ते काय, असं कुणीतरी विचारलं. सर म्हणाले, १९६९ मध्ये भिंतीला तडे गेले होते, म्हणून नंतर ते टेकू दिले. हे ऐकल्यावर आपल्यातले दोन-तीन जण भिंतीवरून खाली बघायचे एकदम बंद झाले.

मग लाँच. सगळे एका फेरीत मावणार नव्हतो, म्हणून मुली आधी, मुलं नंतर. पाण्यावर धुकं होतं आणि त्यातून डोंगर वर वर येत होते. मागे कळसूबाईची रांग, पुढे रतनगड आणि त्याच्या शेजारचा तो खुट्टा. आम्ही मुलींनी काय केलं? वॉटरबॅगमधलं पाणी एकमेकींच्या अंगावर उडवलं. पलीकडे पोचेपर्यंत सगळ्यांच्या वॉटरबॅगा रिकाम्या. बाईंनी कपाळाला हात लावला आणि ताकीद दिली, तळ्याचं पाणी कुणी प्यायचं नाही, कुणी आजारी पडलं तर आई-वडिलांना मी काय सांगू?

लाँचमधून उतरलो आणि मुलांची फेरी येईपर्यंत थांबलो. मग चालायला लागलो. ते चालणं मला आता नीट आठवतं. पायाखाली ओली तांबूस माती, तिच्यावर गुरांच्या खुरांचे ठसे, त्या ठशांत साचलेलं पाणी आणि प्रत्येक ठशात एकेक चिमटीएवढं आभाळ. डावीकडे पाणी, उजवीकडे भाताची कापून रिकामी झालेली खाचरं. कुठेतरी काट्याकुट्या जळत होत्या, त्याचा धूर खालूनच पसरत होता. काठावर एक बगळा आपल्या पुढे पुढे चालायचा, आपण जवळ गेलो की उडून पन्नास पावलं पुढे जाऊन परत उभा राहायचा. असं त्याने सात-आठदा केलं. शेवटी मुलांनी त्याला ‘मॉनिटर’ नाव ठेवलं. खरा मॉनिटर रागावला होता.

आपल्यासारख्यांना एवढं पाणी बघायची सवय नव्हती. आपण पाटाच्या पाण्याची मुलं. आपल्या गावातून पाट वाहतो, त्यात आपण पोहायला शिकलो, त्यात चपला वाहून गेल्या, त्याचं पाणी आलं की घरात आनंद आणि नाही आलं की घरात भांडण. आवर्तन, पाळी, चारी, पाटकरी, सात नंबरचा अर्ज, उसाचा ब्लॉक हे शब्द आपण बाराखडीच्या आधी ऐकले. पण पाणी ‘येतं’ कुठून, हे आपल्याला माहीत नव्हतं. पाट जिथून वळतो तिथून येतं, एवढंच. त्या दिवशी सरांनी आपल्याला पाण्याच्या कडेला बसवलं आणि बोटाने मातीत रेघ ओढली. रतनगडावर उगम. मग हे तळं. मग रंधा, अकोले, संगमनेर, ओझरचा बंधारा. ओझरला प्रवरेचे दोन कालवे निघतात, डावा आणि उजवा. डावा लोणीकडून आपल्याकडे. म्हणजे, सर म्हणाले, तुमच्या घरातला ऊस, कारखाना, तुमची फी, माझा पगार, हे सगळं या तळ्यात आहे. तळं साधारण अकरा टीएमसीचं.

आपण पेटलोच. पहिल्यांदा कोण ओरडलं ते आठवत नाही, पण मिनिटाभरात सगळी तुकडी ओरडत होती, ‘आपलं पाणी! आपलं पाणी!’ डोंगरावरून आवाज परत येत होता. सरांनी आपल्याला थांबवायला हात वर केला होता. मातीतली रेघ त्यांची पुरी झाली नव्हती. त्यांनी विचारलं, ओझरच्या पुढे नदी कुठे जाते? ओरडण्यात कुणी ऐकलंच नाही. त्यांनी स्वतःच रेघ पुढे नेली. नेवासे, मग प्रवरासंगमला गोदावरीत, मग पैठण. तिथे नाथसागर. मी पुढेच बसले होते म्हणून मला ती रेघ दिसली. मग कुणाच्या तरी बुटाखाली ती पुसली गेली.

तेवढ्यात ती मुलगी आली.

आपल्याच वयाची असेल, तेरा-चौदा. डोक्यावर दोन हंडे, एकावर एक, आणि एक हात वर. ओढ्याच्या कडेला वाळूत खणलेला झिरा होता, तिथून ती वर येत होती. आपला आरडाओरडा ऐकून थांबली. मी आणि माझ्या बाकावरची मैत्रीण सगळ्यात जवळ होतो. तिने आम्हाला विचारलं, “तुमचं हाये का ह्ये पानी?”

मैत्रीण म्हणाली, “हो, आमच्या पाटाला येतं.”

“मंग उन्हाळ्यात थोडं ठेवा की,” ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. शेजारणीला विरजण मागावं तसं. मग म्हणाली, “उन्हाळ्यात ह्ये लय खाली जातं. चिखलातून जावं लागतं.”

आम्हाला तहान लागली होती. अकरा टीएमसीच्या काठावर उभ्या होतो आणि प्यायला थेंब नव्हता. धरण उशाला, कोरड घशाला, असं आपल्याकडे म्हणतात, तसं. मैत्रिणीने तिच्याकडे पाणी मागितलं. तिने वरचा हंडा उतरवला आणि आम्ही ओंजळी पुढे केल्या. मग बाकीच्या मुली आल्या. आठ-नऊ जणी प्यायलो. इतकं गार पाणी होतं की दात ठणकले.

आम्ही पीत असताना तिने मला विचारलं, “तुमच्या घरी पानी कोन आनतं?”

मी म्हणाले, “आमच्याकडे नळ आहे. चोवीस तास.”

मंडळी, आमच्या वस्तीवर नळ नव्हता. तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत आहे. आई हापशावरून आणायची, सुट्टीत मी आणायचे. मी का खोटं बोलले ते मला तेव्हाही कळलं नाही. तिच्या डोक्यावर हंडा होता आणि माझ्या डोक्यावर नाही, एवढंच कारण असेल. माझ्या मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. तिचं घर आमच्या वस्तीच्या बांधाला बांध लागून. तिने काही म्हटलं नाही.

हंडा अर्ध्याच्या खाली गेला होता. ती मुलगी काही न बोलता वळली आणि परत झिऱ्याकडे उतरायला लागली. त्याच वेळी सर ओरडले, “फोटो! सगळे इकडे बघा!” आपण पाण्याकडे पाठ करून उभे राहिलो. तो हा फोटो. उजवीकडचा हंडा तिचा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. रतनवाडी, अमृतेश्वराचं देऊळ, ती दगडी पुष्करणी, मग गड. देवळाच्या खांबांवरचं कोरीवकाम दाखवत बाई अर्धा तास बोलल्या आणि आपलं लक्ष डब्यांकडे होतं. बाई, त्याची माफी आज मागून टाकते. नंतर दोनदा मुद्दाम जाऊन बघितलं ते देऊळ. तुम्ही सांगितलेलं सगळं खरंच होतं.

आता अवघड भाग.

नोव्हेंबर २०२३ तुम्हाला आठवत असेल. पाऊस कमी झाला होता, जायकवाडीत पाणी कमी होतं, आणि समन्यायी वाटपाच्या कायद्याप्रमाणे वरच्या धरणांतून खाली साडेआठ टीएमसीच्या आसपास पाणी सोडायचा आदेश निघाला. त्यात भंडारदरा-निळवंडेचाही वाटा होता. आपल्या भागात रास्ता रोको झाले. आणि आपल्या तुकडीच्या ग्रुपवर, जिथे एरवी सुविचार आणि वाढदिवसाचे केक येतात, तिथे तीन दिवस युद्ध झालं.

आपण सगळे एका बाजूला होतो. दुसऱ्या बाजूला एकटी तीच, माझ्या बाकावरची. ती लग्न होऊन परभणी जिल्ह्यात गेली. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, पार शेवटाकडे तिचं शेत आहे. तिने एवढंच लिहिलं होतं की इकडेही माणसं राहतात. त्यावर काय काय लिहिलं गेलं ते मी इथे परत वाचत नाही. ते सगळ्यांच्या फोनमध्ये असेलच. सगळ्यात लागट मी लिहिलं. ‘आमच्या ताटातलं ओढून घेता आणि वर शहाणपण शिकवता’ असं. मी पुण्यात बावधनला अकराव्या मजल्यावर बसून हे लिहिलं. माझ्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं आणि त्या धरणांच्या खाली दौंड-इंदापूरचे शेतकरी त्यांच्या आवर्तनाची वाट बघत असतात. ते तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

तिने उत्तर दिलं. एकच ओळ. ‘नळ चोवीस तास आहे ना अजून?’

आणि ती ग्रुप सोडून गेली.

तुमच्यापैकी कुणालाच ती ओळ कळली नाही. कुणीतरी खाली हसण्याचे चेहरे टाकले, कुणी विचारलं हे काय मधेच. मला मात्र लगेच कळलं. मी फोन पालथा ठेवला. तीस वर्षांत तिने तो विषय एकदाही काढला नव्हता. माझ्या लग्नात आली, माझ्या मुलीच्या बारशाला आली, आई गेली तेव्हा चार दिवस येऊन राहिली. कधीही नाही.

माझ्या कामात अपस्ट्रीम आणि डाउनस्ट्रीम हे शब्द रोज येतात. वरच्या टीमने काही बदल केला की खालच्या टीमची रात्र जाते, आणि वरच्यांना सकाळी कळतं, कधी कळतही नाही. मी वीस वर्षं खालच्यांच्या बाजूने भांडते आहे, माझी त्यासाठीच ख्याती आहे ऑफिसात. तरी ती ओळ येईपर्यंत मला हे दोन शब्द मुळात पाण्याचे आहेत याचा विसर पडला होता.

फोन करायला मला एप्रिल उजाडला. पाच महिने. तिने उचलला आणि काहीच झालं नसल्यासारखं बोलली, त्याने जास्त वाईट वाटलं. मी म्हणाले, भंडारदऱ्याला येतेस का? ती म्हणाली, मे महिन्यात ये म्हण, मे महिन्यातलं बघू. तर मे २०२४ मध्ये आम्ही दोघी गेलो. ती परभणीहून रात्रीच्या गाडीने नगरला आली, नगरहून आम्ही माझ्या गाडीने गेलो. हो, आता अहिल्यानगर म्हणायचं. जसं आर्थर लेकचं आता राघोजी भांगरे जलाशय झालं आहे. ते मला मनापासून आवडलं. इंग्रजांशी लढलेला, १८४८ साली ठाण्याला फाशी गेलेला याच अकोले तालुक्यातला माणूस. पण आमच्या वेळी त्याचं नाव पुस्तकात नव्हतं, तळ्याला असायचं लांबच.

आम्ही लाँचने गेलो नाही, गाडीने मुतखेल-कोलटेंभेकडून रतनवाडीच्या अलीकडे गेलो आणि तिथून खाली पाण्याकडे उतरलो. उतरलो म्हणजे उतरतच राहिलो. जिथे आपण फोटो काढला ती जागा साधारण ओळखली, मागच्या डोंगराच्या आकारावरून. तिथे पाणी नव्हतं. पाणी खूप खाली, एका निरुंद पट्ट्यात गेलं होतं. मधे सगळा भेगा पडलेला गाळ, त्याच्या कडेला जरा हिरवं, त्यात गुरं. गाळातून वाट पडली होती, पायांनी पडते तशी. वाटेवरून दोन बायका येत होत्या. हंडे आता प्लास्टिकचे आहेत, त्यामुळे हलके असतात, असं त्यातली एक म्हणाली. मी विचारलं, नळ नाही आला? ती म्हणाली, आलाय की, आणि हसली. नळाचा खांब वर वस्तीजवळ होता. मी फार विचारलं नाही. नळ आहे असं सांगणाऱ्यांवर मी फार विश्वास ठेवत नाही.

एका झाडाखाली एक म्हातारी बसली होती. आम्ही तिला विचारलं, १९९३ च्या सुमारास इथे एक मुलगी होती, आमच्या वयाची, इथून पाणी भरायची. ती म्हणाली, नाव काय? आम्ही एकमेकींकडे बघितलं. नाव आम्ही विचारलंच नव्हतं. मैत्रीण म्हणाली, दोन हंडे एकावर एक घेऊन यायची. म्हातारी म्हणाली, “बाये, सगळ्याच यायच्या.”

या भागात पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाटघर, रतनवाडीचे आकडे आपण दरवर्षी जुलैत पेपरात वाचतो आणि खूश होतो, की भंडारदरा भरणार. आपल्याकडे पाचशेच्या आसपास. पाऊस त्यांच्याकडे पडतो आणि उतारावरून तळ्यात जातो, तळं आपल्याकडे येतं. वाडी आपली उतारावर कोरडी. हे वाचून मला माहीत होतं. त्या गाळात उभं राहून जरा वेगळं माहीत झालं.

तिथे बसून आम्ही भाकरी खाल्ली. मग ती बोलली. म्हणाली, “तुम्ही ज्या पाण्यावरून मला बोललात ना, ते आमच्या टेलला पोचलंच नाही त्या वर्षी. मी ते बघितलंसुद्धा नाही.” मी म्हणाले, “आणि आमच्या भावाचा एक एकर ऊस त्या उन्हाळ्यात वाळला.” तेही खरं आहे. नदीतून सोडलेलं पाणी वाटेत किती मुरतं हेही आपल्याला माहीत आहे. म्हणजे आमच्या भावाकडून गेलं आणि तिच्याकडे पोचलं नाही. आम्ही दोघी त्यावर बराच वेळ भांडलो. नीट भांडलो, आवाज चढवून, नववीत मधल्या सुट्टीत भांडायचो तशा. कायदा बरोबर की चूक यावर आमचं आजही एकमत नाही. तिचं म्हणणं, पासष्ट टक्क्यांचा नियम आहे तर तो पाळा. माझं म्हणणं, नियम करताना वरच्या भागाच्या गरजा कमी धरल्या. तुमच्यातले अनेक जण माझ्या बाजूचे असाल. असा. मी आज तो वाद सोडवायला उभी नाही, मला सुटतही नाही.

पण एक गोष्ट तिने काढली. तिला आमच्या वडिलांची आठवण होती. उन्हाळी पाळी आली की ते रात्री कंदील घेऊन चारीवर जाऊन बसायचे, कारण वरचे लोक रात्री चारी फोडायचे आणि आमच्या वावरापर्यंत पाणी यायचं नाही. एकदा त्यात मारामारी होऊन वडिलांचा हात मोडला होता. तिचे वडील त्यांना बैलगाडीतून दवाखान्यात घेऊन गेले. ती म्हणाली, “तुझे वडील वरच्यांना काय शिव्या द्यायचे आठवतंय? त्याच शिव्या आता आमचे हे तुम्हाला देतात. शब्द न शब्द तोच.” मला हसू आलं. वडिलांच्या शिव्यांना एवढा लांबचा प्रवास झालेला बघून त्यांनाही आला असता.

निघताना मी गाळात बोटाने रेघ ओढून बघितली. रतनगड, तळं, अकोले, ओझर. ती म्हणाली, थांबू नकोस, पुढे ओढ. मी नेवासे, प्रवरासंगम, पैठणपर्यंत आणली. पुढे परभणीपर्यंत तिने ओढली. माझ्या हाताला गाळ वाळून बसला होता. धुवायला पाण्यापर्यंत जायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली.

मी आज हे सगळं बोलले, कारण मी ते सगळ्यांसमोर लिहिलं होतं, तर परत घेणंही सगळ्यांसमोर हवं. ‘ताटातलं ओढता’ हे वाक्य मी परत घेते. वादातला माझा मुद्दा मी परत घेत नाही, ते तिलाही चालणार नाही. आणि चोवीस तासांच्या नळाचं काय प्रकरण होतं ते आता तुम्हाला कळलं. हसणारे चेहरे टाकणाऱ्यांनी आता टाकावेत.

ती आली आहे. नाव घेऊ नकोस असं तिने मला बजावलं आहे. तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ बसली आहे आणि या क्षणी माझ्याकडे डोळे वटारून बघते आहे. तिला ग्रुपमध्ये परत घ्यायचं काम ॲडमिनने आज जेवणाआधी करावं. ॲडमिन कोण आहे ते सगळ्यांना माहीत आहे, बगळ्यामुळे रागावलेला तोच.

आता उद्याच्या सूचना, त्या संयोजकांनी माझ्या गळ्यात टाकल्या आहेत. बस पहाटे पाचला शाळेच्या फाटकातून निघेल, कुणासाठीही थांबणार नाही, डॉक्टरांसाठी खिडकीची जागा राखून ठेवली आहे. लाँचचं नक्की नाही, नाही मिळाली तर बस थेट कोलटेंभ्यापर्यंत जाईल आणि तिथून आपण पाण्याच्या कडेने चालत रतनवाडीला जाऊ. डिसेंबर आहे, पाणी वर असेल, वाट ओली असेल, चपला घालून येऊ नका. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी गड चढू नये, देवळापाशी बाईंबरोबर बसावं. या वेळी बाई दीड तास बोलणार आहेत असं त्यांनी मला आत्ताच सांगितलं. सर चालत येणार म्हणतात. त्यांच्याबरोबर दोन जण कायम राहतील, कोण ते आज रात्री ठरवू. सरांनी कॅमेराही काढून ठेवला आहे, तोच जुना, त्याचा रोल कुठून मिळवला ते त्यांनाच माहीत.

आणि प्रत्येकाने दोन लिटर पाणी सोबत घ्यायचं आहे. लाँच मिळाली तर कृपा करून ते लाँचमध्ये उडवू नये.